चाल केवढ्याची?

भाऊबीज उलटली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली गावं आपापला दिवस धरतात. दिवसा बाजार आणि पाहुणेरावळे, रात्री नाटक. देसाईगंज म्हणजे वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा या दिवसांत आधीच लागलेल्या असतात आणि शामियान्यात पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. शामियान्यापासून जरा दूर, अंधाराच्या बाजूला, कुठे कुठे जमिनीवर एक कापड अंथरलेलं दिसतं. त्यावर सहा चौकोन: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, एक झेंडा आणि एक मुंडकं. ही झंडीमुंडी. त्याच सहा खुणा असलेले सहा फासे डब्यात खुळखुळतात, डबा उपडा पडतो आणि सगळी डोकी एकदम पुढे झुकतात.

एक प्रचलित रीत अशी की, आपण पैसे लावलेली खूण निदान दोन फाशांवर आली पाहिजे. दोनांवर आली तर लावलेले परत आणि वर दुप्पट, तिनांवर आली तर वर तिप्पट, असे मिळत जातात. एकाच फाशावर आली किंवा आलीच नाही, तर पैसे गेले. हिशेब मांडला तर निदान दोन फाशांवर हवी ती खूण येण्याची शक्यता निघते २६ टक्क्यांच्या थोडी वर. दुप्पट-तिप्पट धरूनही लावलेल्या शंभर रुपयांमागे सरासरी चौदा रुपये डबा हलवणाऱ्याच्या खिशात जातात. दहाची नोट ठेवा की पाचशेची, हे चौदा टक्के हलत नाहीत. जंगलाच्या कडेला भरणाऱ्या कोंबडबाजारातही तेच. पायाला धारदार पातं बांधलेला कोंबडा आपल्यावर किती लागलेत हे बघून लढत नाही. मग धाड पडते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेले शब्द येतात: हारजीतचा जुगार, नगदी रक्कम, मोटारसायकली, एकूण मुद्देमाल.

किती लावायचे या प्रश्नाला अशा खेळांत एवढाच अर्थ असतो, की किती गमवायची तयारी आहे. पत्त्यांच्या एका खेळात मात्र या प्रश्नाचा नूर पालटतो. नो-लिमिट होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात. मधोमध अजून एकही पत्ता उघडलेला नसतो. त्या वेळी पुढे सरकवलेली रक्कम, म्हणजे प्रीफ्लॉप रेज, पत्ते बदलत नाही, पण समोरच्यांची वागणूक बदलते. कोण पत्ते टाकणार, कोण मागे येणार, पुढचा डाव मोठा होणार की लहान, हे बरंचसं त्या एका आकड्यावर ठरतं. आणि हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, या भारतातल्या न्यायालयांपुढच्या जुन्या वादातही तो आकडा एका बाजूच्या युक्तिवादाचा आधार ठरतो.

तीन पत्तीची शिडी

मराठी घरात पोकर शिरलं ते तीन पत्तीच्या ओळखीनं. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. पार्वतीनं याच दिवशी शंकराला द्यूतात हरवलं अशी कथा सांगतात, आणि वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती खेळायला बसल्याचं शिल्प आहे. त्यामुळे एरवी पत्त्यांना हात न लावणाऱ्या घरातही दिवाळीत बूट, म्हणजे डावाची सुरुवातीची रक्कम, भरला जातो.

तीन पत्तीत रकमेला मोकळीक नाही. ब्लाइंड खेळणाऱ्यानं चालू चालीइतकी किंवा फार तर दुप्पट चाल करायची. पत्ते पाहिलेल्यानं दुपटीपासून चौपटीपर्यंत. म्हणजे चाल शिडीच्या पायऱ्या चढावी तशी चढते, मधूनच उडी मारता येत नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात बनतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, अवघे ५२, जोड्या ३,७४४, आणि काहीच जुळत नाही असे १६,४४०, म्हणजे चारांतले जवळपास तीन. असे फुसके हात घेऊन बसलेल्याला एकच हत्यार उरतं, न बघता चाल करत राहणं. तेही ठरलेल्या पायरीनंच.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबातला रमीचा खटला आला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरात वकिली केलेले आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, म्हणून तो प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे असं त्यांनी म्हटलं. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र त्यांनी निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं. पोकरचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. तो यायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली.

पाचशेसाठी किती?

नऊ जणांचं टेबल समजा. दोघांनी पत्ते वाटण्याआधीच सक्तीनं भरायच्या रकमा, म्हणजे स्मॉल ब्लाइंडचे १०० आणि बिग ब्लाइंडचे २००, भरलेल्या आहेत. शिवाय बिग ब्लाइंडवर बसलेल्यानं साऱ्या टेबलाच्या वतीनं २०० ची अँटी भरली आहे. २०१८ च्या सुमारास स्पर्धांतून ही पद्धत रुळली. म्हणजे कुणी काही बोलण्याआधीच मध्ये ५०० चिप्स पडल्या आहेत. त्या उचलण्यासाठी आपण किती टाकायच्या?

बिग ब्लाइंडच्या दुप्पट म्हणजे ४०० केले तर ५०० साठी ४०० पणाला लागतात. सगळ्यांनी पत्ते टाकण्याची वेळ शंभरातून ४५ वेळा आली तरी चाल तिथल्या तिथे फायद्यात जाते. ५०० केले तर निम्म्या वेळा टाकायला हवेत. तिप्पट म्हणजे ६०० केले तर ५५ वेळा. रक्कम वाढवावी तसं लोक जास्त टाकतील हे खरं, पण त्यांनी जास्त टाकणं आपली गरजही होऊन बसते.

आता तेच बिग ब्लाइंडच्या खुर्चीतून पाहू. त्याचे २०० आधीच आत आहेत. रेज ४०० ची असेल तर त्याला आणखी २०० टाकून ९०० साठी लढता येतं. शंभरातून १८-१९ वेळा जिंकला तरी त्याचा हिशेब सुटतो, म्हणून तो जवळपास काहीही घेऊन येईल आणि त्याचं चुकणार नाही. रेज ६०० ची असेल तर ११०० साठी ४०० टाकावे लागतात आणि जिंकण्याची गरज २७ वर जाते. एक्का-पंजा, दश्शी-अठ्ठी असले हात आता विचार करायला लावतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बिग ब्लाइंडच्या तिप्पट हा सरधोपट नियम होता. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकी हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर ऑनलाइन स्पर्धांना पूर आला. पूर्वी वर्षभरात जेवढे हात खेळून व्हायचे तेवढे महिनाभरात खेळणारी पिढी तयार झाली आणि तिनं तिप्पट मोडीत काढली. मधल्या पाचशेसाठी सहाशे कशाला, चारशे-साडेचारशेत काम होतंय! अनुभवी खेळाडूंच्या टेबलावर आज सव्वादोन-अडीचपट रेज नेहमीची झाली आहे.

या प्रश्नामागे गणिताची जुनी परंपराही आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबरच्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग दिला. त्यांच्या सोप्या केलेल्या पोकरमध्ये बोलीच्या दोनच रकमा होत्या, मोठी आणि लहान. तेवढ्यावरही त्यांनी दाखवून दिलं की उत्तम खेळणाऱ्याला मधूनमधून फुसक्या पत्त्यांवर मोठी बोली करावीच लागते. नाहीतर त्याच्या मोठ्या बोलीला कुणी पैसे देत नाही. दोघांच्या नो-लिमिट डावात निर्णयाच्या जागा एकावर १६१ शून्यं इतक्या भरतात, कारण प्रत्येक जागी रक्कम कितीही असू शकते. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक-प्रणालीनं चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हातांत हरवलं. २०१९ मध्ये त्याच्या धाकट्या भावानं, प्लुरिबसनं, सहा जणांच्या टेबलावर बाजी मारली. त्यानंही सगळ्या रकमा तपासल्या नाहीत. जागा पाहून एक ते चौदा रकमांवरच तो विचार करत होता.

स्वस्त टेबलावरचे पाहुणे

शंभर रुपये बक्षिसात आणि दहा चालवणाऱ्याला, अशा एकशेदहा रुपयांच्या स्पर्धेत बसणारा माणूस संगणक नसतो. तो दमून घरी आलेला असतो, करमणुकीसाठी बसलेला असतो आणि फ्लॉप, म्हणजे मधोमध उघडणारे पहिले तीन पत्ते, बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. सव्वादोनपट रेजचं सगळं गणित ‘समोरचे टाकतील’ यावर उभं आहे. इथले टाकत नाहीत. एक आला की दुसरा म्हणतो, आता एवढे आलेच आहेत तर आपणही येऊ.

दोन एक्के हा होल्डेममधला सर्वांत मोठा हात, सरासरी २२१ वेळा वाटल्यावर एकदा येणारा. समोर कोणतेही पत्ते असलेला एकच गडी असेल तर एक्के शंभरातून ८५ वेळा जिंकतात. दोन असतील तर ७३, तीन असतील तर ६४, चार असतील तर ५६. पाच जण मागे आले तर ४९. म्हणजे चारशेची नाजूक रेज करून पाच पाहुणे जमवलेला एक्केवाला दोनांतून एकदा हरायला बसला आहे. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, मोठा असल्यामुळे त्याचा एकूण फायदा राहतो, पण फ्लॉपनंतर पाच अनोळखी हातांशी झुंजायचं म्हणजे चुका करायला वावच वाव.

त्यामुळे स्वस्त टेबलावर जुनी तिप्पट पुन्हा कामाला येते. आधी कुणी नुसतीच कॉल करून, म्हणजे लिंप करून, बसलं असेल तर तिपटीवर दर माणशी आणखी एक बिग ब्लाइंड. वरच्याच टेबलावर दोघं २००-२०० टाकून बसलेत असं धरू. आपण ४०० च केले तर पहिल्या लिंपवाल्याला १३०० साठी फक्त २०० टाकायचे आहेत. शंभरातून तेरा-चौदा वेळा जिंकला तरी पुरे. तो येणारच. हजार केले तर १९०० साठी ८००. आता त्याला तीसेक टक्के जिंकावं लागेल. अनेकदा तरीही तो येतो. मात्र या वेळी कच्चे पत्ते घेऊन जास्त पैसे मोजतो, आणि पक्क्या पत्त्यांवर बसलेल्याला हवं असतं ते हेच.

नव्या खेळाडूची चूक रकमेत नसते, रकमेच्या बदलात असते. एक्के आले की हा दुप्पटच करतो, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. गुलामांची जोडी आली की पाचपट, राणी-राजा यायच्या आत डाव संपावा म्हणून. अर्धा तास लक्ष देऊन पाहणाऱ्याला त्याचे बंद पत्ते उघडे दिसू लागतात. रक्कम ठरावी ती आपल्या जागेवरून, पुढे बसलेल्या लोकांवरून, त्यांच्या आणि आपल्या चिप्सवरून. हातातल्या पत्त्यांवरून ठरली की समोरच्याला फुकट माहिती मिळते. म्हणून सरावलेला खेळाडू एका जागेवरून एक्के, साती-अठ्ठी आणि निव्वळ थाप, या तिन्हींवर एकच आकडा टाकतो.

चिप्स आटतात तेव्हा

स्पर्धेत आणखी एक गोष्ट रक्कम लहान करायला लावते: ब्लाइंड वाढत राहतात. स्वस्त ऑनलाइन स्पर्धांत ते दर काही मिनिटांनी चढत. ८,००० चिप्स घेऊन बसलेल्याकडे २०० च्या ब्लाइंडला चाळीस बिग ब्लाइंड असतात. त्यानं सहाशेची रेज केली आणि बिग ब्लाइंड आला, तर पॉट १,५०० चा आणि मागे ७,४००, म्हणजे जवळजवळ पाचपट. अजून तीन फेऱ्यांची खेळी शिल्लक आहे. ३,००० वाल्याची गोष्ट वेगळी. सहाशे म्हणजे त्याच्या पुंजीचा पाचवा हिस्सा. मागून कुणी सगळं लावलं आणि त्याला पत्ते टाकावे लागले, तर पंधरावरून बारावर आला. हाच माणूस चारशे टाकून तेरावर राहिला असता. फरक एकाच ब्लाइंडचा, पण अशा तीन चाली झाल्या की तो गडी बाहेर जाण्याच्या दारात उभा असतो. म्हणून चिप्स आटतील तशी शहाणी रेज दुपटीकडे झुकते.

आणि दहा ब्लाइंडवर आलं की मधला आकडाच उरत नाही. २,००० वाल्यानं पाचशेची रेज करून पत्ते टाकणं परवडत नाही. त्यानं सगळे लावावेत नाहीतर गप्प बसावं. सगळे लावले आणि कुणी आलं नाही, तर मधले ५०० मिळून पुंजी एका फटक्यात पाव पटीनं वाढते.

बक्षिसाच्या जवळ गेल्यावर चिप आणि रुपया यांचा भाव वेगळा होतो. तिघं उरलेत, चिप्स समान आहेत, बक्षिसं ५,०००, ३,००० आणि २,००० अशी आहेत असं समजा. या घडीला प्रत्येकाचा वाटा ३,३३३ चा. एकानं सगळं लावून दुसऱ्याला बाद केलं, तर त्याच्याकडे दोन तृतीयांश चिप्स येतात. चिप्स दुप्पट झाल्या, वाटा मात्र ४,३३३ पर्यंतच चढला. हरला तर दोन हजार घेऊन घरी. मिळणार हजार आणि जाणार १,३३३. त्यामुळे नाणेफेकीसारखा पन्नास-पन्नासचा डाव तोट्याचा ठरतो, निदान ५७ टक्के तरी जिंकायला हवं. अशा वेळी पुढाकार घेऊन दाबणारा आणि दबून पत्ते टाकणारा यांच्यात दाबणाऱ्याचं पारडं जड असतं, आणि दोन ब्लाइंडची इवलीशी रेजही पुरेशी दहशत घालते.

बेहड्याची फळं

सगळं एका डावात लावणाऱ्याची विदर्भातली गोष्ट फार जुनी आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेलं कौंडण्यपूर हेच ते, असं मानतात. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात सर्वस्व हरून वनवासात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही नल-दमयंतीची कथा सांगतात. नल आपल्या भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळायला बसतो तेव्हा कलीनं त्याला पछाडलेलं असतं. एकामागून एक पण लागत जातात, एकामागून एक हरत जातात, कुणाचं ऐकायचं भान राहत नाही.

पुढे नल बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ हाकताना वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं, आणि राजा चालत्या रथातून त्याच्या फांद्यांवरची पानं-फळं किती हे सांगून टाकतो. नलाला पटत नाही. तो रथ थांबवून मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला अक्षहृदय म्हणजे फाशांची आणि गणनेची विद्या देतो, नल त्याला अश्वविद्या. झाडही नेमकंच निवडलं आहे: त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञानं १९७५ च्या आपल्या ग्रंथात, संभाव्यतेच्या विचाराचा इतिहास सांगताना, या प्रसंगाची दखल घेतली आहे. नमुन्यावरून केलेला अंदाज आणि जुगार, यांची सांगड इतक्या जुन्या कथेत आढळते याचं त्याला नवल वाटलं.

दुसऱ्यांदा पुष्करासमोर बसलेला नल थोडं थोडं लावत नाही. मिळवलेलं धन आणि दमयंतीसुद्धा तो एकाच पणाला लावतो आणि एका डावात राज्य परत घेतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बेहड्याचे उंच वृक्ष आजही आहेत आणि हिवाळ्यात त्यांची फळं वेचली जातात. भुरकट, मखमली सालीचं फळ वाळलं की त्यावर पुसट पाच कंगोरे उमटतात. जमिनीवर टाकलं तर ते घरंगळतं आणि लगेच थांबतं.

पान फुटण्याआधीची बोली

पत्ते उघडण्याआधी रकमेचा निर्णय घ्यावा लागतो असा एक कायदेशीर धंदा चंद्रपूर-गडचिरोलीत दरवर्षी चालतो. तेंदूपानाची तोडणी मे महिन्याच्या आसपास होते, पण विक्रीचे दर त्याच्या आधीच ठरतात. पान अजून फुटलेलं नसतं. पाऊस, वणवा, वळवाची गारपीट यांतलं काय पदरात पडेल हे कंत्राटदारालाही माहीत नसतं. पेसा कायद्याच्या क्षेत्रातल्या ग्रामसभांपुढे दोन पर्याय असतात: वनखात्यामार्फत विक्री किंवा स्वतः जाहिरात देऊन, कंत्राटदार बोलावून विक्री. बोली लागते ती प्रमाण गोणीवर. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी.

२०१७ च्या हंगामात गडचिरोलीत भाव चांगलेच चढले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८. पुढच्या हंगामात भाव उतरले. चढ्या भावाच्या वर्षी सर्वांत वर बोली करणारा अनेकदा तोच असतो, ज्यानं पिकाचा अंदाज सर्वांत फुगवून केलेला असतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तिघा अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावाचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं: बोली जिंकली म्हणजे बाकी सगळ्यांनी ती वस्तू स्वस्त धरली होती. पोकरच्या टेबलावर पहिल्या खुर्चीतून पाचपट रेज करणाऱ्याची गत अशीच होते. कच्चे हात पळतात, आणि मागे येतो तो फक्त आपल्यापेक्षा भारी पत्ते असलेला.

उघड्या लिलावात उडी मारून बोली वाढवणारेही असतात. शंभर-शंभरनं चढणाऱ्या भावात एकदम हजाराची भर घातली की दोन-चार जण हात आवरतात. दमदार दिसणं एवढाच त्या उडीचा हेतू असतो. प्रतिस्पर्धी कच्चे असतील तर ती लागू पडते. एखादा पुरता तयारीनं आलेला असेल तर उडी मारणाऱ्यानं आपल्याच मालाचा भाव चढवून घेतलेला असतो.

कायद्याच्या टेबलावर

जुन्या चांदा जिल्ह्याला ब्रिटिश अमदानीत १८६७ चा जुगार कायदा लागू होता, कारण तो मध्य प्रांतात होता. मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. दोन्ही कायद्यांत एक पळवाट सारखीच होती: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पोकर त्या पळवाटेतून जातं का, यावर न्यायालयांचं एकमत कधी झालं नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं ब्रिज, रमीबरोबर पोकरला नाव घेऊन वगळलं. गुजरात उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असं म्हटलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये तो कौशल्याचा खेळ मानला. कौशल्य मानणाऱ्यांचा युक्तिवाद थोडक्यात हाच, की पत्ते नशिबानं येतात, पण कितीला खेळायचं आणि केव्हा टाकायचं हे खेळाडू ठरवतो, आणि बरेच डाव पत्ते न उघडताच संपतात.

कॅसिनोच्या बाबतीत महाराष्ट्राची गंमत वेगळी. गोव्याचा जुगार कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं आणि १९९६ मध्ये जहाजावरची टेबलं बसवण्याची सोय झाली, आणि मांडवीत कॅसिनो उभे राहिले. १९७६ सालीच महाराष्ट्रानंही कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला, पण तो कधी अंमलातच आणला नाही. अखेर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात मात्र फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांनाच कॅसिनोंतल्या जुगाराच्या दालनांत बंदी आहे. टेबलांवर बसतात ते बाहेरून आलेले.

चंद्रपूरहून मांडवी गाठायची तर महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. ऊर्जानगर किंवा बल्लारपूरच्या वसाहतीत राहणाऱ्याला पोकर परवडत होतं ते मोबाइलवरच. तिथेही कर चढत गेले. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कपात आली आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. मग संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला: २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना त्यानं सरसकट मनाई केली आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच त्यातून काढून टाकला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. पोकरबाझी, अड्डा५२, पोकरस्टार्स इंडिया यांनी पैशाची टेबलं त्याच महिन्यात बंद केली. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतल्या. वादाचा एक मोठा मुद्दा अधिकाराचा आहे: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यांच्या यादीत चौतिसाव्या क्रमांकावर आहे.

मोबाइलवर आता उरल्या आहेत फुकटच्या चिप्स. त्या संपल्या तरी पुन्हा मिळतात, त्यामुळे दोन ब्लाइंडच्या रेजला सात जण येतात आणि तिपटीला पाच. ‘समोरचा टाकेल’ हे गणित तिथे जवळजवळ शून्यावर येतं. थापेवर मोठी रेज करून काही साधत नाही, ब्लाइंड चोरायची चाल फुकट जाते. अशा टेबलावर खेळणाऱ्याला रक्कम वर न्यावी लागते, पाचपट-सहापटीपर्यंत, आणि तीही चांगल्या पत्त्यांवरच. सव्वादोनपटीची सवय जडलेला खेळाडू तिथे पहिल्याच तासात चिप्स घालवून बसतो.